सेलेदोनियोची शेवटची टोपी

सेलेदोनियोनं मरायची सगळी तयारी केली होती. घोडं अडलं होतं पुरताना डोक्यावर घालायच्या टोपीपाशी. कोकाची पानं बघून भविष्य सांगणाऱ्या मातियासनं पानं घोंगडीवर उधळून सांगितलं होतं, की पाऊस लागेपर्यंतसुद्धा हा टिकताना दिसत नाही. छातीतली घरघर तर शेजारीही ऐकू जायची. मुलगा लेआंद्रो होडीतून शवपेटीसाठी फळ्या घेऊन आला. मर्तिकाच्या जेवणाची मेंढी अंगणात बांधली गेली. म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं, "टोपी पुरी होऊ दे, मग न्या."

बायकांनी कातावं, पुरुषांनी विणावं, ही बेटाची रीत. लोकरीचा हा गुंडा त्याच्या गेलेल्या बायकोच्या, आसुंताच्या हातचा शेवटचा. लाल लोकर मानेभोवती घेऊन तो उन्हात भिंतीला टेकून बसायचा. सुया तारेसारख्या बारीक, टाके जोंधळ्याहून लहान. मधेच सुतात जाडसर पेर लागे. इथं ती कुणाशी तरी बोलायला थांबली असणार, असं मनाशी म्हणून तोही थांबे. सरोवराकडे बघत बसे. मग पुढचा टाका.

तेवढ्यात मेंढी व्याली. फळ्यांवर कोंबड्या बसायला लागल्या.

"घाई नाही मामंजी," सून गुमर्सिंदा म्हणाली, "पण कोकरूसुद्धा आता चरायला लागलंय."

"बोटं दुखतात गं."

"तोंड बरं नाही दुखत."

आणि एके दुपारी टोपी निम्मी झाली असताना सूत संपलं आणि गुंड्यातून दगड निघाला. चांगला मुठीएवढा. वाऱ्यानं गुंडा घरंगळत पाण्यात जाऊ नये म्हणून आत खडा घालायची पद्धत होतीच. पण खडा, धोंडा नव्हे. म्हातारा दगडाकडे बघतच राहिला. जन्मभर तो तिला चिडवत आला होता, "तुझा गुंडा म्हणजे लिंबू." गुंडा मोठा दिसावा म्हणून आत धोंडा घालून तिनं जाता जाता फिटंफाट केली होती.

अर्ध्या टोपीत पुरायचं कसं? कमी पडलेलं सूत गुमर्सिंदानं टकळीवर कातून दिलं. सेलेदोनियोनं शेंड्यापर्यंत विणलं, टोपी उलटी धरली आणि आत पाणी ओतलं. आसुंताच्या बापानं मुलगी देण्याआधी त्याची टोपी अशीच पारखली होती. थेंब गळला असता तर लग्न नव्हतं.

शेंड्यातून धार लागली.

"पीळच नाही सुताला," तो म्हणाला. "सासरा तिकडं वाट बघत बसलाय. पहिल्यांदा टोपीच मागेल."

"तुम्हाला मरताना पण नखरे हवेत," गुमर्सिंदा म्हणाली, आणि पुन्हा टकळी घेऊन बसली.

त्यानं निम्मी टोपी उसवली. विणली. ती गळली. पुन्हा उसवली. पाऊस आला. भविष्य चुकलं म्हणून मातियास रोज येऊन त्याची नाडी बघायचा, जरा रागानंच. त्या ओल्यात मातियासलाच ताप भरला आणि तो गेला. लेआंद्रोनं न विचारता फळ्या तिकडे पोचवल्या. मर्तिकाला मेंढीही तीच गेली. सेलेदोनियो मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन पेटीमागं चार पावलं चालून आला.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीशी बसला होता. पोरकं कोकरू ओरडत होतं. बादली सापडेना, म्हणून गुमर्सिंदानं नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी ओढली, हौदात बुडवली आणि भरून कोकरापुढं धरली. तिच्याच हातच्या सुताची टोपी. कोकरू सावकाश प्यालं. खालची माती कोरडीच राहिली.

म्हाताऱ्यानं ते पाहिलं. तिनंही त्याला पाहताना पाहिलं आणि टोपी झटकन नवऱ्याच्या डोक्यावर ठेवून दिली, ओली तशीच.

मग त्यानं हात पुढं केला. "सूनबाई, दे नवा गुंडा. या खेपेला जरा घट्ट कातलायस ना?"

"कातते हो मामंजी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पण माझा हातच सैल."

"असू दे," तो म्हणाला. तिचं भुसभुशीत सूत त्यानं मानेभोवती घेतलं आणि पहिला टाका घातला.