चाचणी क्रमांक पाच : कुणीही येऊ नये

"माझ्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही," असं टेस्टर महाशय नव्या माणसाला पहिल्या भेटीत सांगत. जुन्या माणसांना रोज सांगत. सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. पण ते स्वतःला गुप्तहेर म्हणवत, चुकांना आरोपी म्हणत आणि भर उकाड्यात पंख्याखाली गळ्याला मफलर गुंडाळून बसत. शेजारच्या खुर्चीतला प्रोग्रामर हा आपला सहायक आहे, हेही त्यांनीच ठरवलं होतं. प्रोग्रामरला कुणी विचारलं नव्हतं.

एरवी तो हसून सोडून देई. या आठवड्यात मात्र त्याला हसू सुचत नव्हतं. त्याची ताई बाहुल्यांचे खेळ करायची. मागच्या खेळाला पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई, शेवटच्या रांगेत हॉलचा वॉचमन आणि मधे खुर्च्याच खुर्च्या.

"शनिवारीही असंच झालं, तर बाहुल्या पेटीत आणि पेटी माळ्यावर," तिने बजावलं होतं. "येताना शिडी घेऊन ये."

म्हणून त्याने ताईच्या साइटवर कार्यक्रम जाहीर करणारं प्लगइन बसवलं आणि त्याला एक पूल जोडला. निरनिराळ्या माणसांनी चालवलेल्या, पण एकमेकांशी बोलणाऱ्या कितीतरी छोट्या सोशल साइट असतात. इकडे कार्यक्रम टाकला की पुलावरून तिकडे पोचायला हवा. महाशयांनी तिकडे एक खातं उघडलं, इकडून चाचणीचा कार्यक्रम टाकला आणि डोळ्यांत तेल घालून बसले. तिकडे चिटपाखरूही फिरकलं नाही.

"खून," महाशय म्हणाले.

"कुणाचा?"

"कार्यक्रमाचा. पुलावर गाठून."

पहिला संशय घड्याळावर. तिकडचं घड्याळ पुढे असणार, म्हणजे कार्यक्रम होण्याआधीच होऊन गेला असणार. प्रोग्रामरने वेळ तपासली, बरोबर होती. मग महाशयांना वाटलं, चित्र नाही म्हणून तिकडचा पहारेकरी अडवतोय. त्यांनी मफलरसकट स्वतःचा फोटो चिकटवला. तरीही सगळं शांतच. मग गाडी खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यावर घसरली.

"तो मला पाहिलं की चष्मा पुसायला लागतो."

"तो दिवसभर चष्मेच पुसतो. त्याचं दुकान आहे."

"तेच तर. वेषांतर बघ कसं बेमालूम आहे."

दर संशयामागे एक नवी चाचणी होत होती. पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय प्लगइन पुढे सरकत नसे, म्हणून महाशय ताईचाच हॉल आणि ताईचाच शनिवार टाकत आणि प्रामाणिकपणे खाली लिहीत, 'ही फक्त चाचणी आहे. कुणीही येऊ नये.' पाचव्या वेळी त्यांनी भर घातली, 'आलात तर परिणामांना गुप्तहेर जबाबदार नाहीत.'

शुक्रवारी दुपारी ताईच्या सासूबाईंचा फोन आला.

"अरे, तुमचं ते 'कुणीही येऊ नये' मला पाच वेळा आलं. आमच्या विणकामाच्या मंडळींतही फिरतंय. तो मफलरवाला कोण?"

"मावशी, तुम्हाला दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? सूनबाईच्या साइटला फॉलो केलंय मी. केल्याशिवाय कसं येईल?"

प्रोग्रामरने खुर्ची सावकाश वळवली. "महाशय, तुम्ही फॉलो केलंय ना?"

महाशय दुखावले. "ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्यालाच आधी कळवायचं? एवढी वर्षं या धंद्यात आहे, अजून एकालाही फॉलो केलेलं नाही."

प्रोग्रामरने कपाळावर हात मारला. हे विचारायचं त्यालाही सुचलं नव्हतं. अंघोळीला गेलेल्या माणसाला नळ सोडलास का, असं कोण विचारतं? पूल पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता, आणि ताईच्या खेळाला येऊ नका, हे आपण सगळ्या जगाला पाच वेळा ठणकावून सांगितलं होतं. त्याने चाचण्या काढून टाकल्या, खरा कार्यक्रम टाकला. पण बोभाटा व्हायचा तो झालाच होता. रात्री त्याने शिडी काढून दाराशी ठेवली.

शनिवारी तो शिडी खांद्यावर घेऊन निघाला, तेव्हा त्याला खरंच रडू येत होतं.

हॉलच्या दारात वॉचमनने त्याला अडवलं. "आत मुंगीला जागा नाही, आणि तुम्ही शिडी आणताय?"

आत विणकामवाल्या मावश्या होत्या, त्यांचे नवरे होते, नातवंडं होती आणि कुणाच्याच ओळखीची नसलेली पुष्कळ माणसं होती.

"पाच पाच वेळा येऊ नका म्हणतात," एक आजोबा शेजाऱ्याला सांगत होते, "म्हणजे काहीतरी भारी असणार."

महाशयांची सदसद्विवेकबुद्धी नको तेव्हा जागी झाली. ते थेट रंगमंचावर चढले. "मंडळी, ती फक्त चाचणी होती. कृपया आपापल्या घरी जा."

हॉल हसून लोळला. त्यांनी मफलर सारखा करून तेच पुन्हा, जास्त कडक आवाजात सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्यांच्या मागचा पडदा सरकला; प्रेक्षक कधी तापले हे ताईला बरोबर कळतं. पहिली बाहुली आली आणि महाशयांना वाकून नमस्कार करून तिने त्यांना खाली जायची वाट दाखवली.

खाली एकही खुर्ची उरली नव्हती. प्रोग्रामरने भिंतीशी शिडी उघडली आणि महाशय सगळ्यांत वरच्या पायरीवर जाऊन बसले. तिथून त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, मफलरच्या आडोशाने फोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा फॉलोचं बटण दाबलं. "सापळा लावला होता मी," ते खाली वाकून पुटपुटले.

खेळ संपल्यावर ताई घामाघूम होऊन विंगेत आली. तिचे डोळे भरले होते आणि हसू काही आवरत नव्हतं.

"शिडी आणलीस ना रे?" तिने विचारलं.

"आणलीय," तो म्हणाला, "पण रिकामी नाही."