ज्याला बसता येत नाही

सकाळी शिनोबूने अझुकीचे लाल दाणे घालून सणाचा तांबडा भात शिजायला टाकला आणि बैठकीच्या कोनाड्यातली, तिच्या आईने दिलेली फुलदाणी गुंडाळीसाठी जागा करायला स्वतःच्या हातांनी उचलून माळ्यावर ठेवली. ते पाहून तिचा नवरा उकाई दोन पावलं मागे सरकला. सोळा वर्षांच्या संसारात त्या फुलदाणीला बोट लावायची त्याची छाती झाली नव्हती.

"अगं, आधी गुंडाळी हातात तर पडू दे," तो म्हणाला.

"अकरा वर्षं तुम्हीच पडताय की तिथं! आज काहीतरी घेऊन या. आणि त्या नेझूभाऊजींसारखं करू नका म्हणजे मिळवली."

त्सुवानो गावातल्या कानबे गुरुजींच्या जुजुत्सू कुस्तीच्या शाळेत अकरा वर्षं हाडं झिजवली की विद्येची पहिली गुंडाळी मिळते. खुद्द गुरुजींच्या अक्षरातली, जांभळ्या दोरीने बांधलेली. घ्यायची रीत सोपी आहे. पाय मुडपून टाचांवर बसायचं, नाव पुकारलं की गुडघ्यांवरच सरकत पुढे जायचं, वाकायचं आणि दोन्ही हातांनी ती घ्यायची. सात वर्षांपूर्वी नेझू नावाच्या शिष्याने हात पुढे केले आणि तो गुंडाळीसकट आडवा झाला. "शरीर अजून तयार नाही. बघू," असं गुरुजी म्हणाले. ते अजून बघतायत. नेझूच्या हातात कपबशी देतानासुद्धा आधी खाली गादी घाला, हा विनोद उकाईचाच. तो सात वर्षं चालला.

शाळेच्या भिंतीवर एकच पाटी होती : 'ज्याला बसता येत नाही, त्याला लढता येत नाही.' तिच्याखाली एक्याऐंशी वर्षांचे कानबे गुरुजी बसले, समोर तीस शिष्य बसले आणि भाषण सुरू झालं. गुरुजी उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, बैठक मोडायची नाही, हा नियम. पण गुरुजींचं भाषण दहा मिनिटांचं असतं, हेही नियमासारखंच होतं.

आज दहा मिनिटं झाली, वीस झाली. शाळेचा मूळपुरुष डोंगरावर गेला, तिथे त्याला विद्या सुचली, तो खाली आला. इथे भाषण संपायचं. आज तो पुन्हा वर गेला. मग त्याच्या घोड्याची हकीकत निघाली. मग घोड्याच्या आईची.

चाळीस मिनिटांनी उकाईचा डावा पाय गेला. पन्नासाव्या मिनिटाला उजव्याने राम म्हटला. आता कंबरेखाली आपलं काही आहे, हे त्याला फक्त आठवणीने माहीत होतं. शेवटी त्याने आजीचा उपाय केला. बोट ओठाला लावून ओलं केलं, तीनदा कपाळाला लावलं आणि पुटपुटला, "मुंग्यांनो, क्योतोला जा."

"काय लावतोयस रे कपाळाला?" शेजारून मोरिवाकी फिसकारले. ते सर्वांत जुने शिष्य, आणि रीतभातीचे पोलीस.

"घाम, दादा."

"घाम पुसतात. लावत नाहीत!"

गुरुजीही अधूनमधून बोट ओठाला लावत होते आणि मग कपाळाला. पण ते चिंतन होतं. मागच्या रांगेतल्या दोन नव्या पोरींनी श्रद्धेने तस्संच केलं.

"उकाई!" अखेर गुरुजींनी पुकारलं.

उकाई निघाला. दोन लाकडी ओंडके ओढत न्यावेत तसे त्याने आपले पाय नेले. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भरून आलं. तो वाकला आणि पडला नाही. दोन्ही हात पुढे केले, तरी पडला नाही. जांभळी दोरी बोटांना लागली. अकरा वर्षं! त्याने हलकेच गुंडाळी ओढली.

गुरुजी सोडेनात.

ही शेवटची परीक्षा असणार, म्हणून त्याने वर पाहिलं. गुरुजींचं कपाळ ओलं होतं, आणि ओठ जेमतेम हलत होते.

"उकाई, मला उठव."

"काय गुरुजी?"

"हळू बोल! पाय गेलेत माझे, घोड्यापासून. ही गुंडाळी धर, जोरात ओढ आणि मागं पड. मी उभा राहीन. त्यांना वाटेल, मीच फेकलं तुला."

"पण गुरुजी, पडलो तर माझी..."

"चहाची वेळ झालीय बाळ. सगळे उठायची वाट बघतायत."

उकाईला घरचा कोनाडा दिसला. तांबडा भात दिसला. मग वरची पाटी दिसली आणि तिच्याखाली लहान मुलासारखा घाबरलेला म्हातारा. अकरा वर्षांत या माणसाने त्याला हजारो वेळा पाडलं होतं, आणि दर वेळी डोकं आपटू नये म्हणून मानेखाली हात धरला होता.

त्याने गुंडाळी घट्ट धरली आणि मागे झोकून दिलं.

गुरुजी बाटलीच्या बुचासारखे वर आले आणि खांबाला टेकून ताठ उभे राहिले. उकाई हवेतून जाऊन धाडकन आदळला. पाठीखाली कागद चुरगळल्याचा आवाज झाला. एकोणतीस डोकी एकदम चटईला टेकली.

"बोटसुद्धा लावलं नाही हो!" कुणीतरी गहिवरून म्हणालं.

मोरिवाकींनी मात्र खाली पाहिलं. "गुंडाळीवर पडला. थेट नेझूसारखा."

सगळे गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजी उकाईकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता, पण पाटी बरोबर डोक्यावर होती.

"शरीर अजून तयार नाही," ते कसेबसे म्हणाले. "बघू."

बाहेर पायरीवर उकाई बूट घालत बसला होता. म्हणजे बूट हातात होता, पाय कुठे आहे ते अजून कळत नव्हतं. शिनोबूला काय सांगायचं? खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं सुचत नव्हतं. माळ्यावरून फुलदाणी मात्र आता त्यालाच काढावी लागणार होती.

नेझू शेजारी येऊन बसला. त्याने उकाईचा पाय उचलून बुटात घातला, नाडी बांधली आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं,

"माझ्या वेळी त्यांचा नुसता डावा होता. आज?"

उकाईने हातातला दुसरा बूट खाली ठेवला.

"दोन्ही," तो म्हणाला.