बोरकरकाकांची सीट

आमच्या शेजारचे बोरकरकाका माणसाच्या तोंडाकडे नाही, पोटरीकडे बघून बोलतात. तेलीबांध्याच्या आमच्या कॉलनीत कुणी गाडीतून उतरलं की हे फाटकापाशी हजर. "क्लचनं पोटरी भरून आली ना? सीट इतकी मांगं घेऊन बसशील तं मंग काय होईन?" उभी हयात रेल्वेच्या ऑफिसात खुर्चीवर गेली, पण रुबाब असा की मोटार जणू यांनीच शोधली.

टाच खाली टेकलेली, गुडघा जरासा वाकलेला, क्लच पुरा दाबला तरी मांडी सीटवरून उचलायची नाही, हा त्यांचा धर्म. मी ऑटोमॅटिक गाडी घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकत म्हणाले, "डाव्या पायाले काहून पेन्शनीत काढलं रे भाऊ?" पेढा परत मागावासा वाटला.

आणि हा सहाफुटी उपदेशक स्वतः गाडी कशी चालवायचा? गुडघे स्टिअरिंगला घासतायत, ब्रेक दाबताना तोंड वाकडं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! सगळी कॉलनी हसायची, मीही हसायचो. मग एकदा बायकोनं मला गप्प केलं. म्हणाली, ती सीट काकांच्या बायकोच्या, मंदाकाकूंच्या मापाची होती. काकू जेमतेम पाच फूट. काकांनीच त्यांना उतारवयात गाडी शिकवली, पाय पोचेना म्हणून सीट पुढे घेतली. काकू गेल्या, पण काकांनी सीट काही हलवली नाही.

या दिवाळीत त्यांचा मुलगा बंगळुरूहून आला. आई आजारी असताना या गृहस्थाला सुट्टी मिळत नव्हती. आता भिलाईला मित्रांकडे जायला मात्र गाडी हवी होती. बसल्याबरोबर त्यानं खालची दांडी ओढली आणि सीट खाडकन मागे ढकलली. "क्या पापा, ऐसे कौन बैठता है?"

काकांनी अडवायला हात वर केला, तोवर गाडी फाटकाबाहेर पडली होती. मला त्या पोट्ट्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मुलगा परत गेला त्या सकाळी काका आमच्या दारात आले. बायकोला म्हणाले, "पोरी, जरा येतं का? तू मंदाएवढीच हायेस. बसून क्लच दाबून दाखव."

ती बसली. काका दाराशी उकिडवे बसून एकेक खाच सीट पुढे सरकवत होते. "आता? आता पोचते पाय?"

"पोचतोय, काका. इथंच असेल."

"असंन नको सांगू. पोटरी ताणते का?"

"थोडी ताणतेय. पण काकूंची ताणत होती का, ते मला कसं कळणार?"

काकांचा हात दांडीवरच राहिला.

"हव," ते म्हणाले. "मलेही नाही माहीत. तिले कधी विचारलंच नाही मी. नुसतं सांगतच गेलो."