नरखेडवर विश्वास नाही

विदर्भात गुप्तहेर पुष्कळ आहेत, पण बुद्धी असलेला एकच, आणि तो मी, मधुसूदन ढोबळे. नागपूरच्या धंतोलीतल्या बेपत्ता पोपटाचा छडा मीच लावला होता. पोपट मेलेला निघाला, पण छडा लागला, हे लोक सोयीस्कर विसरतात. माझं नाक इतकं तीक्ष्ण आहे की गुन्हा घडायच्या आधीच मला वास येतो. बायको म्हणते, "मंग गॅसवरचं दूध करपलं तेव्हा कुठं होतं नाक?" मी अशा प्रश्नांना उत्तर देत नाही. प्रतिभावंताची घरात हीच गत असते.

त्या दिवशी सकाळी रजतसाहेबांचा फोन आला. साहेब वयानं माझ्या भाच्याएवढे, पण कंपनीचे मालक. कुणाच्या संत्र्यांच्या किती पेट्या आल्या, कोणत्या ट्रकमध्ये चढल्या, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यांची कंपनी चालवते.

"ढोबळे, लगेच या," ते कुजबुजले. "आमच्यात गद्दार आहे."

मी चहा तसाच ठेवून निघालो.

ऑफिसात प्रीती मेश्राम नावाची मुलगी बसली होती. डोळे लाल, समोर चार रिकामे कप. डेटाबेसचं काम हीच बघते.

"काका, कसं आहे..."

"मले काका म्हणू नको. डिटेक्टिव्ह साहेब म्हण."

"हौ. तर डिटेक्टिव्ह काका, आमचा डेटाबेस एका मशिनीवर नाही. तीन गावी तीन मशिनी आहेत. एक इथं नागपूरले, एक पारशिवनीले, एक नरखेडले. तिघींजवळ सारखंच सगळं लिहिलेलं. नवीन काही लिहायचं तर निदान दोघींनी हो म्हटलं पाहिजे."

"बहुमत."

"बरोबर. काल मी देखभालीचं अपडेट टाकलं. एकेक मशीन बाजूले काढायची, नवीन करायची, मंग परत घ्यायची. नागपूर झालं, पारशिवनी झालं. नरखेडले मात्र बाकीच्या दोघी परत घेऊनच नाही राहिल्या."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच, की नरखेडवर विश्वास ठेवता येत नाही.

"बघा!" साहेब मागून ओरडले. "मशीन स्वतः सांगून राहिली, गद्दार नरखेडमध्ये आहे!"

"दोघींवर काम भागत नाही काय?" मी विचारलं.

"भागते," प्रीती म्हणाली. "पण पारशिवनीची लाइन गेली की सगळंच ठप्प. आणि पारशिवनीची लाइन रोज जाते."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "आज संध्याकाळपर्यंत तिन्ही मशिनी एकत्र आल्या तर प्रीती पर्मनंट. नाही आल्या तर उद्यापासून तिनं येऊ नये." एवढं बोलून ते एसीच्या खोलीत गेले.

"तीन वर्षं झाली, काका," ती हळू म्हणाली. "ओळखपत्रावर अजून 'तात्पुरती' लिहिलेलं आहे. आधी माय रोज विचारे, झाली काय वं पक्की? आता विचारतच नाही."

मला वाईट वाटलं. गुप्तहेराला वाईट वाटून चालत नाही, म्हणून मी लगेच पहिला निष्कर्ष काढला.

"ही भाऊबंदकी आहे. डेटाबेसची तुम्ही वाटणी केली. वाटणी झाली की धाकटा रुसतोच. नागपूरच्या मशिनीले एसी, नरखेडच्या मशिनीले काय?"

"टेबलफॅन."

"संपली केस!"

"मशीन रुसत नाही, काका. या नव्या अपडेटचा वेळेवर फार कटाक्ष आहे. म्हणून नरखेडची मशीन ज्यांच्या घरी आहे, त्या बापूजींले मी फोन करून विचारलं, तुमचं घड्याळ बरोबर आहे काय. ते म्हणाले, अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं पक्कं घड्याळ कोणाचं नाही."

"घड्याळ सोड. खुनाच्या केसमध्ये कोणी घड्याळ विचारते काय?"

"खून नाही झाला."

"अजून नाही," मी गंभीरपणे म्हणालो, आणि आम्ही नरखेडची एस.टी. पकडली.

बापूजी म्हणजे नरखेडकडच्या बागाईतदारांचं मोठं प्रस्थ. त्यांनी मान हलवली की शंभर बागांतली संत्री साहेबांच्या ट्रकमध्ये चढतात, नाही हलवली तर झाडावरच राहतात. मशीन त्यांच्याच घरात, समोरच्या खोलीत होती. तिच्यावर जिजाबाईंनी, म्हणजे बापूजींच्या बायकोनं, विणलेला रुमाल टाकलेला. दसऱ्याचं कुंकू लावलेलं, झेंडूचा हार वाळून तसाच लटकलेला.

मी आल्याबरोबर सगळ्यांचे फोन जप्त करून थैलीत टाकले. माझाही टाकला, कारण कायदा सर्वांना सारखा.

"काका, मले फोन लागते!" प्रीती कळवळली.

"संशयिताले फोन मिळत नाही."

"मी संशयित?"

"तू मूळची कुठली?"

"पारशिवनीची."

मी फक्त भुवई उंचावली. पारशिवनीच्या मुलीनं पारशिवनीची मशीन आधी आत घेतली आणि नरखेडला दारात उभं केलं! पण एका सिद्धांतावर थांबणं हे सामान्य लोकांचं लक्षण. मी अंगणात गेलो, केबल हुंगली. वास आला. वांदराचा! प्रीतीनं मागून सांगितलं की तार शाबूत आहे आणि वास माझ्याच चपलेला लागलेल्या शेणाचा आहे. मग मी चपला दाराबाहेर ठेवून सीमेपलीकडच्या व्यापाऱ्यांकडे वळलो. मध्यप्रदेश हाकेवर, संत्री तिकडंही पिकतात, आणि नरखेडची मशीन त्यांनी फितवली नसेल कशावरून? बापूजींनी हे ऐकून मला घरातून हाकलायचं ठरवलं होतं, पण जिजाबाईंनी तेवढ्यात पोहे आणले.

प्रीती दिवसभर मशिनीसमोर बसून होती. मशिनीतली वेळ तिनं भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. मग तिनं बाकी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. नरखेडवर विश्वास नाही, नाही, नाही. उन्हं कलली तरी ती उठली नाही. पोह्यांना तिनं हातही लावला नाही.

शेवटी मी सगळ्यांना खोलीत गोळा केलं. रहस्य उलगडायची ही माझी पद्धत आहे. पाठीमागे हात बांधले, खिडकीबाहेर पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"आता बरोबर सव्वापाच वाजले आहेत. गुन्हेगार याच खोलीत..."

"कोणते सव्वापाच?" जिजाबाईंनी कपबशी ठेवत, बापूजींकडे मान करून विचारलं. "यायचे, का खरे?"

प्रीतीनं गर्रकन मान वळवली. "म्हणजे?"

"आमच्या लग्नाले हे उशिरा पोहोचले बाई. एस.टी. चुकली. मुहूर्त टळला, माझ्या बापानं चारचौघांत लय झापलं. तेव्हापासून घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं. तुमचा हा मशिनीचा डबा आला, त्याचंही यायनं पुढं करून टाकलं."

"काय चुकलं त्यात?" बापूजी छाती काढून म्हणाले. "तेव्हापासून एक एस.टी. नाही चुकली माझी."

प्रीतीनं माझ्या हातातून थैलीच हिसकली आणि आपला फोन काढला. फोनमध्ये पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

"जुन्या सॉफ्टवेअरले चालत होतं," ती हसू की रडू अशा आवाजात म्हणाली. "नवीन कडक आहे. दहा मिनिटं पुढच्या मशिनीवर ते विश्वास ठेवत नाही. मी वेळ सुधरवून टाकते."

"हात नको लावू!" बापूजी गरजले.

तिनं साहेबांना फोन लावून स्पीकर सुरू केला आणि सगळं सांगितलं.

"बापूजींचं घड्याळ चुकलं, असं त्यांच्या तोंडावर म्हणालीस?"

"दहा मिनिटांनी चुकलंच आहे, सर."

"ऐन हंगाम आहे, प्रीती! बापूजी चुकत नसतात. नागपूर आणि पारशिवनी, दोन्ही मशिनी दहा मिनिटं पुढं कर."

"सर, पण दोघी बरोबर आहेत! बहुमत त्यांचं आहे!"

"बहुमत मला शिकवू नको. कंपनी मी चालवतो."

बापूजींनी समाधानानं चहा बशीत ओतला. प्रीतीनं कपाळावर हात मारला आणि दोन्ही बरोबर मशिनी चुकीच्या केल्या. लाल अक्षरं गेली, हिरवी आली. तिघींचं एकमत झालं. सॉफ्टवेअरला खऱ्याखोट्याचं काही नव्हतं, सगळ्यांनी सारखं बोलावं एवढंच त्याचं म्हणणं.

थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधूनच पत्र आलं होतं, प्रीती मेश्राम यांना कायम करण्यात येत आहे. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, यावर वेळ पाच चाळीसची आहे. फोनमध्ये तर आत्ता साडेपाच झाले."

"मग?"

"म्हणजे मी अजून झालीच नाही पर्मनंट! दहा मिनिटांत साहेबांचं मन फिरलं तर?"

तेवढ्यात स्क्रीनवर साहेबांचं नाव चमकलं. फोन वाजत राहिला. प्रीतीचा हात पुढं होईना. आणि त्या क्षणी माझ्यातला खरा गुप्तहेर जागा झाला. मी फोन उचलला.

"साहेब! ढोबळे बोलतो. अहवाल ऐका. पहिला सिद्धांत, भाऊबंदकी..."

"ढोबळे, मला प्रीतीशी..."

"मध्ये बोलू नका, धागा तुटते. तर टेबलफॅन..."

मी भाऊबंदकी सांगितली. वांदर सांगितलं, चपलेसकट. मध्यप्रदेश तर मी नकाशासकट सांगितला. साहेब "अहो", "ऐका ना" म्हणत राहिले. पोपटाची केस सुरू केली तेव्हा प्रीती आपल्या फोनच्या घड्याळाकडे टक लावून होती, जिजाबाईंनी तिचा हात धरला होता. पोपट मेला तेवढ्यात प्रीतीनं अंगठा दाखवला. पाच चाळीस झाले.

"बरं साहेब, तुम्ही काहून फोन केला होता?"

"विसरलो," साहेब क्षीण आवाजात म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा माझे सिद्धांत कुणाच्या तरी कामी आले होते. प्रीतीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि घरी लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं तिला.

"माय, झाली वं मी पक्की!"

तिकडून माउलीनं काहीतरी विचारलं.

"आत्ता, माय. आत्ताच झाली."

बापूजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चष्मा सरळ केला आणि बशी खाली ठेवली.

"आत्ता नाही वं पोरी," ते म्हणाले. "दहा मिनिटं झाली."