सुभेदारांचा हिरवा धोंडा

सुभेदार हणमंतराव दगड चाटतात.

यात लपलेला अर्थ वगैरे शोधू नका. माणूस कोयनेच्या काठावर वाकतो, वाळूतला एक गोटा उचलतो, शर्टाच्या बाहीला पुसतो आणि कुल्फीला लावावी तशी त्याला जीभ लावतो. मग एक डोळा मिटून तो उन्हात धरतो. "कोरडा दगूड मुका असतोय, मास्तर. वला क्येला की बोलाय लागतो." समोर अख्खी नदी वाहत असताना तो पाण्यात का बुडवत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तितवर उतराय लागतंय. गुडघा काय तुमच्या बाचा हाय?"

कराडजवळच्या मलकापुरात आमची घरं शेजारी-शेजारी आहेत आणि मध्ये छातीएवढी एक भिंत. भिंतीच्या या बाजूला मी, निवृत्त भूगोल शिक्षक. शाळेच्या कपाटात अठरा खडकांची लाकडी पेटी होती, प्रत्येकाखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. तीस वर्षं मी ती पेटी पोरांना लांबून दाखवली. म्हणजे दगड या विषयात कॉलनीत नाव निघायचं तर ते माझं निघायला हवं होतं की नाही? पण नाव निघतं सुभेदारांचं. हा माणूस वडूजकडच्या माळावर मेंढरं राखत वाढला, तिथून थेट फौजेत गेला. त्याला 'रूपांतरित खडक' हा शब्द लिहायला सांगितला तर तीन चुका करील. मी मनातल्या मनात तो त्याला अनेकदा लिहायला लावलाय. दरवेळी तो नापास झालाय आणि दरवेळी मला बरं वाटलंय.

सुभेदारांच्या मागच्या पडवीत एक यंत्र आहे. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर, दोन रूळ आणि त्यावर आडवं फिरणारं, आतून टायरची ट्यूब लावलेलं एक पिंप. पिंपात दगड, पाणी आणि पूड. झाकण लावून मोटर चालू केली की खर्र-खर्र करत ते आठवडेच्या आठवडे फिरतं. आत दगड दगडावर घासतात आणि गुळगुळीत होऊन बाहेर येतात. पुडीचे चार डबे, जाड ते बारीक. त्यांना सुभेदारांनी हुद्दे दिलेत. सगळ्यात खरखरीत काळी पूड म्हणजे रंगरूट. मग नाईक, मग हवालदार, आणि शेवटची पिठासारखी हिरवी पूड म्हणजे सुभेदार. एक पूड झाली की पिंप, दगड, हात, सगळं तीन-तीनदा धुवायचं, मगच पुढची. "येक रंगरूट, येक दाणा जरी सुभेदाराच्या खोलीत घुसला, तर आख्खी परेड खल्लास! समदं चरचरून निघतंय. मग पुन्यांदा पयल्यापासनं." हे ते मला इतक्यांदा सांगत की मी एक दिवस वैतागून म्हणालो, "कळलं हो. मी शिक्षक आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

त्यांचा मानबिंदू म्हणजे एक हिरवा धोंडा, नारळाएवढा. पूर्वेकडच्या सरहद्दीवर असताना एका ओढ्यात सापडला. कुणा जाणकाराने सांगितलं, हा जेड आहे, चीनमध्ये याला सोन्याचा मान. झालं! सुभेदारांनी घरी पत्र टाकलं, 'लय किमती वस्तू घेऊन येतोय.' सुट्टीवर आले, ट्रंक उघडली. बायकोने धोंडा पाहिला आणि तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने तो स्वयंपाकघरात नेला आणि कैरीच्या फोडी मिठात दाबायला बरणीत ठेवला. त्यानंतर दर उन्हाळ्यात त्या राजदगडाची हीच ड्यूटी.

त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्यामागे काही दिवसांनी सुभेदारांनी मला तो धोंडा पहिल्यांदा दाखवला. मी चष्मा लावला, धोंडा फिरवून पाहिला आणि वर्गात निकाल सांगावा तशा आवाजात म्हणालो, "बेसाल्ट. साधा काळा दगड. शेवाळ चढलंय."

सुभेदारांनी बोटाने धोंड्याकडे खूण केली. फक्त म्हणाले, "चाटा."

"काय?"

"आवं चाटून तर बगा."

आता काय करणार? मी चाटला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आमची सुमन म्हणाली, "अहो, जेवण झालंय की तुमचं!"

"खारट लागतोय," मी म्हणालो.

"लागंलच," सुभेदार म्हणाले. "अजून धुतला न्हाई." आणि त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी तोंड खंगाळायला पळालो होतो.

खरं दुखणं मात्र पुढे आहे. सुभेदार पॉलिश केलेले दगड विकत नाहीत, वाटतात. आणि असे तसे वाटत नाहीत, माणूस बघून वाटतात. दूधवाल्याला पांढरा, मधोमध सायीसारखी रेघ असलेला. गॅसवाल्याला तांबडा. सुमनला मधाच्या रंगाचा. तिने तो चांदीत मढवून गळ्यात घातला आणि वर मला विचारलं, "तुमच्या पेटीतला एखादा असा चमकला का हो कधी?" विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसालासुद्धा मिळाला! मला? मला नाही. दोन वर्षं मी रोज सकाळी भिंतीवर कोपरं टेकून उभा. "काय सुभेदार, आज काय फिरतंय?" विचारायचं, त्यांनी सविस्तर सांगायचं, मी एखादी भूगर्भशास्त्रीय चूक काढायची. आता देतील, मग देतील. नाहीच. एकदा मी निर्लज्जासारखं सुचवलंही, "माझा वाढदिवस आहे उद्या." तर म्हणाले, "व्हय? मग गुळाचा च्या घ्या," आणि भिंतीवरून कप दिला.

अशात त्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी नदीवर उतरायची बंदी केली. साठवलेले दगड वाटून संपले. मग एक दिवस पलीकडून फरशी कापायच्या कटरचा कर्कश आवाज आला. मी भिंतीशी धावलो. सुभेदारांनी जेड कापला होता. पाच तुकडे, सुपारीपेक्षा जरा मोठे, ओले, आतून गर्द हिरवे. बाकीचा भाग भेगाळलेला निघाला म्हणाले.

पाच! मी लगेच हिशेब मांडला. एक मुलाला, एक सुनेला, एक नातीला, एक पलूसच्या बहिणीला. पाचवा?

"पाचवा कुणाला हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बगू," म्हणाले, आणि पिंपाचं झाकण आवळलं.

त्या 'बगू'ने माझं डोकं फिरलं. ठरवलं, आपला जेड आपण शोधायचा. तीन सकाळी कोयनेच्या वाळूत फिरलो. लाज सोडून चाटलेसुद्धा, एकदा तर ओळखीच्या पालकांसमोर. चौथ्या दिवशी सापडला. हिरवागार, गोल, वर धुरकट. काठावरच नाचायचं बाकी ठेवलं. सुभेदारांचा रंगरूट डबा पडवीतच असतो, त्यातली थोडी पूड मी काडेपेटीत भरून आणली आणि धुण्याच्या दगडावर पंधरा दिवस माझा जेड घासला. बोटांची सालं निघाली, पण चमक येईना. मागच्या बाजूला एक खळगा होता, त्यात तर पूड घट्ट बसली होती.

आणि तेव्हाच सुभेदारांना भाच्याच्या लग्नाला पलूसला जावं लागलं. आठ दिवस. पिंप शेवटच्या टप्प्यावर आलेलं, आत सुभेदार पूड.

"मास्तर, तुमच्या भरवशावर सोडून चाललोय. मोटर लय तापली तर घटकाभर बंद करा. झाकण मातर उगडायचं न्हाई."

"कळलं हो," मी म्हणालो. "मी शिक्षक आहे."

त्यांची एसटी कराडच्या बाहेर पडली असेल-नसेल, मी झाकण उघडलं. माझा जेड आत टाकला. विचार साधा होता. आठ दिवसांनी ते यायच्या आत काढून घ्यायचा, तळहातावर ठेवायचा आणि भिंतीवरून म्हणायचं, "काय सुभेदार, याला काय म्हणतात?"

ते सहाव्या दिवशीच आले. बेदाण्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि थेट पिंपाकडे. मी "आधी चहा, आधी पाय धुवा" करत मागे मागे. त्यांनी पिंप चाळणीत ओतलं, वरून पाणी सोडलं. हिरवा चिखल वाहून गेला.

पाचही जेडवर मांजराने नखं मारावीत तसे ओरखडे होते.

सुभेदारांनी एक एक उचलला, चाटला, खाली ठेवला. मग सहावा उचलला.

"म्या पाच घातलं व्हतं."

मी बेदाणे मोजायला लागलो.

त्यांनी तो चाटला. खळग्यात नख घातलं, काळा दाणा काढून बोटावर पाहिला. मग वर उन्हात धरला. "मास्तर, ही गोटी-सोड्याची बाटली हाय. बूड हाय तिचं."

मी भिंतीकडे पाहिलं. वय बघता उडी मारून पळणं अवघड होतं. आता हा माणूस फौजेत शिकलेली सगळी हिंदी माझ्यावर काढणार, याची वाट बघत मी उभा राहिलो. आणि त्या भीतीत माझ्या तोंडून माफीऐवजी भलतंच निघालं. "दिला असतात मला एक, तर कशाला केलं असतं मी असलं? मीटरवाल्याला दिलात! गॅसवाल्याला दिलात! मी काय घोडं मारलंय तुमचं?"

सुभेदार चाळणीपाशीच्या स्टुलावर बसले. गुडघा चोळत राहिले.

"मीटरवाल्याला दिला, व्हय," ते म्हणाले. "परत आला का त्यो? मीटर बगतोय, जातोय. दूधवाला कवा दोन शब्द बोलायचा, 'माजा कवा, सुभेदार?' म्हनायचा. त्याला दिला, तवापासनं पिशवी कडीला आडकवून जातोय. ज्येला ज्येला दगूड दिला, त्यो आपापल्या घरी ग्येला, मास्तर. ऱ्हायला कोन? तुमी येकटं. रोज भिताडावर कोपरं ठिवून हुबं ऱ्हाताय, तोंड वाकडं करून. तुमालाबी दिला आस्ता, तर हिकडं बगनार कोन?"

मोटर बंद होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच पडवीत काही वाजत नव्हतं. काकींच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि फळीवर रिकामी बरणी दिसत होती.

"पाचवा तुमचाच हाय," ते म्हणाले. "कापला तवाच ठरलंवतं. पर मन हुईना. ह्यो शेवटचा दगूड घरातला. ह्यो झाला की मशिन थांबलं."

वर्गात पोरगं रडलं की मी फळ्याकडे वळायचो. इथे फळा नव्हता. मी म्हणालो, "मग आता काय करायचं याचं?"

"काय करायचं म्हंजी? रंगरुटापासनं सुरू," ते म्हणाले, आणि माझ्या देखत त्यांचा चेहरा उजळला. "दोन म्हैनं लागत्याल, मास्तर! लय खोल चरलंय! झ्याक काम करून ठिवलंय तुमी!"

तेव्हापासून मी भिंतीवर कोपरं टेकत नाही. फाटकातून जातो. रंगरूट मी भरला, नाईक त्यांनी. हवालदाराच्या वेळी पिंप तीनदा धुतलं की चारदा यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझं सोडाबाटलीचं बूड त्यांनी खिडकीत ठेवलंय, आल्या-गेल्याला दाखवतात, "ह्यो मास्तरांचा जेड." मी ऐकून घेतो.

गेल्या सोमवारी दोन महिने भरले. पिंप थांबवलं, चाळणीत ओतलं. पाच तुकडे असे निघाले की पाणी निथळलं तरी ओलेच वाटावेत. सुभेदारांनी आधीच दाखवून ठेवलेला माझा मी लगेच ओळखला, एका कडेला ढगासारखा पांढरा डाग आहे. चाटला. खारटपणा कधीच गेला होता. गालाला लावला, गार होता. इतका गार आणि इतका देखणा, की सुमनचा मधाळ त्याच्यापुढे चिंचोका. खिशात टाकायला कुणाची ना नव्हती.

"च्या ठिवतो," सुभेदार उठत म्हणाले. "जरा येळ लागंल. गॅस बारीक झालाय."

गॅस बारीक झाला नव्हता. सिलिंडर कालच मी उतरून घेतला होता.

ते आत गेले, आणि मग मला दिसलं की यंत्राशेजारी रंगरुटांचा डबा उघडा आहे. ज्या माणसाने आयुष्यात कुठल्या डब्याचं झाकण सैल ठेवलं नाही, त्याने ते काढून बाजूला, नीट उताणं ठेवलं होतं. आत चमचा.

चहाला खरंच बराच वेळ लागला.

हे लिहितोय तेव्हा भिंतीपलीकडून खर्र-खर्र चाललंय. आत पाचही आहेत. सुमन विचारते, तुमचा तो जेड मिळणार कधी? मी सांगतो, लय कडक दगड आहे, वेळ लागतो.