पेंढा भरला, काळजी नसावी

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला निघताना दाजीसाहेबांनी बळीरामला एकच गोष्ट सांगितली, पण तीन वेळा सांगितली. "भीमाला आणि कीचकाला जप. थंडी पडली तर बघ. आणि पत्र टाकत जा."

"तुमी डोल्यांचं बघा साह्येब," बळीराम म्हणाला. "कुत्र्यांचं माज्यावर सोडा."

दाजीसाहेब जंगलखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त होऊन पनवेलला तळ्यापलीकडच्या कौलारू बंगल्यात राहत. खात्यातला एक गोरा साहेब सत्तेचाळीस साली विलायतेला जाताना त्यांना दोन केसाळ पिल्ले देऊन गेला होता. नऊ वर्षांत ती पिल्ले वासराएवढी झाली. आंब्याखाली त्यांच्यासाठी विटांच्या दोन खोल्या बांधलेल्या होत्या, वर पत्रा. बाहेरचे जनावर बाहेर, असा साहेबांचा कायदा होता. दिवाणखान्यात एकाच जनावराला जागा होती. ते म्हणजे साहेबांनी तरुणपणी मारलेला, पेंढा भरलेला बिबट्या. पाहुणे आले की साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "ते दोघे मेले की त्यांच्यातही पेंढा भरून इथेच उभे करणार. तोवर उंबऱ्याबाहेर." पाहुणे हसत. चहाचा ट्रे धरून उभा असलेला बळीरामही हसे. आपण तेव्हा हसायला नको होते, असे त्याला पुढे फार वाटले.

त्या वर्षी पौषात पनवेलला कधी नाही एवढी थंडी पडली. म्हाताऱ्या कुत्र्यांनी कण्हायला सुरुवात केली. बळीरामने त्यांना गोणपाटे अंथरून दिली, तर कीचकाने सकाळपर्यंत त्यांच्या सुतळ्या केल्या. बळीरामने स्वतःची घोंगडी दिली, तीही त्याच वाटेने गेली. शेवटी त्याची बायको मालू म्हणाली, "आपल्या खल्यावर एवढा पेंढा पडलाय, तो भरा की गच्च. गुरांना पुरून उरंल."

नवराबायकोने भाताच्या पेंढ्याचे दहा भारे आणून दोन्ही खोल्या भरल्या. कुत्री त्यात नाकापर्यंत रुतली आणि सकाळी ऊन पाठीवर येईतो उठली नाहीत. बळीरामला इतका आनंद झाला की साहेबांना कळवल्याशिवाय त्याच्या घशाखाली भाकर उतरेना. पण त्याला अक्षर येत नव्हते. म्हणून त्याने पोस्टमन काशिरामला फाटकातच गाठले.

काशिराम निम्म्या पनवेलची पत्रे वाची आणि लिहीही. त्याबद्दल कुणाकडून पैसा घेत नसे, पण मजकुरात काटकसर करी. 'कार्ड म्हणजे काय वही आहे?' हे त्याचे ठरलेले वाक्य.

"लिवा," बळीराम म्हणाला, "थंडी लय पडली. भीमाच्या नि कीचकाच्या घरात पेंढा भरलाय."

काशिरामची लेखणी थांबली. "घरात? घर माणसाचं असतं. कुत्र्याच्या घराला म्हणतात काय?"

बळीराम विचारात पडला. कोंबडीचे खुराडे, गुराचा गोठा, घोड्याचा तबेला, उंदरालासुद्धा बीळ आहे. कुत्र्याला काय? साहेब इंग्रजीत 'केनेल' म्हणत, ते बळीरामच्या जिभेवर येईपर्यंत वेगळेच होई.

"कन्याल लिवा."

"कन्याल? वाचणारा माझ्या नावानं खडे फोडील. जाऊ दे तो शब्द. पेंढा कुठं भरतात ते साहेबांना माहीत आहे." काशिरामने तो शब्द गाळला आणि पुढे सरकला. "आणखी काय?"

"लिवा, आदी लय कण्हत व्हती. आता दोगंबी शांत झोपत्यात. कायबी काल्जी करू नका."

काशिरामने लिहिले आणि वाचून दाखवले. "'थंडी फार पडली. भीम व कीचक यांत पेंढा भरला आहे. आधी फार कण्हत होते. आता दोघेही शांत झाले. काळजी नसावी.'"

"बेस जालं," बळीराम म्हणाला. 'शांत झाले' हे तर त्याला फारच आवडले.

आठ दिवसांनी उत्तर आले. साहेबांच्या डोळ्यांवर पट्टी असल्याने ते त्यांच्या मुलीने, चंद्रावतीबाईंनी लिहिले होते. काशिरामने फाटकाला टेकून वाचले. "'बळीरामास आशीर्वाद. तुझे पत्र ऐकून बाबांना फार लागले. तुझा दोष नाही, असे ते म्हणतात.'"

"माजा कसला दोष?"

"थंडी पडली त्यात तुझा दोष नाही, असं म्हणतात. मोठ्या मनाचा माणूस. पुढं ऐक. 'पेंढा भरलास हे बरे केलेस. आता दोघांना बाहेर ठेवू नकोस, दव लागेल. दिवाणखान्यात बिबट्याशेजारी ठेव. अंगावरची धूळ झटकत जा. डांबरगोळ्या टाक, कसर लागू देऊ नकोस.'"

"कसर तर कापडाला लागती ना?"

"मुंबईला पिसवांना कसर म्हणत असतील," काशिराम म्हणाला. न कळलेला शब्द त्याने आजवर तसाच सोडला नव्हता.

मालूने ऐकले आणि कमरेवर हात ठेवले. "नऊ वर्सं उंबरा वलांडू दिला नाय. आता साह्येबांचे डोले उघडले वाटतं."

बळीरामने कपाटांवर डांबरगोळ्या ठेवल्या, कुत्र्यांना विंचरले आणि हुकुमाप्रमाणे दिवाणखान्यात नेले. भीम बिबट्याला पाहून अदबीने खाली बसला. कीचकाला अदब नव्हतीच. त्याने शेपूट ओढून पाहिले. बळीराम आत जाऊन दूध घेऊन आला, तोवर बिबट्या आडवा झाला होता, त्याची मान उसवली होती आणि तीस वर्षांचा जुना भुसा गालिचाभर पसरला होता. एक कान कीचकाच्या तोंडात होता. बळीराम धावला, तोवर तोही नव्हता.

साहेबांना सगळ्या आयुष्यात मिरवायला तो एक बिबट्या होता. मालूने दाभण आणि सुतळी घेतली, कुत्र्यांच्या खोलीतला ताजा पेंढा आणून गच्च ठासला आणि मान शिवून टाकली. पेंढा जरा जास्त झाला. बिबट्याला गालगुंड झाल्यासारखे दिसू लागले. त्याचे तोंड भिंतीकडे करून बळीराम साहेबांची वाट पाहू लागला. आल्याबरोबर पायावर डोके ठेवून सगळे सांगायचे, आणि मगच कुत्री समोर आणायची, असे त्याने ठरवले होते. म्हणून त्या दिवशी सकाळी मालू दोघांना घेऊन खळ्यावर गेली.

साहेब एस्टीने आले. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगातला कोट सैल झालेला, हात चंद्रावतीबाईंच्या खांद्यावर. त्यांनी बळीरामकडे पाहिलेसुद्धा नाही, सरळ दिवाणखान्यात गेले. उन्हातून आत आल्यावर काळ्या चष्म्यातून त्यांना भिंतीशी काहीतरी मोठे धूसर उभे दिसले. साहेब त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात फिरवू लागले.

"नऊ वर्षं बाहेर ठेवलं रे तुम्हाला," ते म्हणाले. "एकदा आत घेतलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? पाहुण्यांना हसवायला काहीतरी बोललो, आणि तेच खरं झालं."

बळीरामला काही उमगेना. बिबट्याला कोणी बाहेर ठेवले होते? साहेबांचा हात डोक्यापर्यंत गेला आणि थबकला.

"याचा कान कुठं गेला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बळीरामने हात जोडले. "साह्येब, तो कीचकानं खाल्ला."

"कीचकानं? कधी?"

"गेल्या बुदवारी."

साहेबांनी चष्म्याचे तोंड हळूहळू त्याच्याकडे वळवले. "बळीराम, कीचक मेला कधी?"

"असं वंगाल बोलू नका साह्येब. सकाली दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यानं."

चंद्रावतीबाईंनी पिशवीतून काशिरामचे कार्ड काढले आणि मोठ्याने वाचले. तेवढ्यात फाटक वाजले. मालूच्या हातून साखळ्या सोडवून घेऊन दोन्ही कुत्री आत घुसली. साहेबांचा हात भीमाच्या पाठीवर पडला आणि केसांत अडकलेला पेंढा बोटांना टोचला. साहेबांनी दचकून हात मागे घेतला. तेव्हा भीम त्यांच्या तोंडावरच शिंकला.

साहेब हसले. हसत हसत त्यांनी कीचकाला जवळ घेतले, कानाचा गुन्हा माफ केला आणि बिबट्याला आंब्याखालच्या खोलीत ठेवायला सांगितले. "त्याला आता पेंढ्याची कमी नाही," ते म्हणाले. बळीरामच्या जिवात जीव आला. आपण फार स्वस्तात सुटलो, असे त्याला वाटले.

तो चहा आणायला स्वयंपाकघरात गेला तर चंद्रावतीबाई चुलीशी उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितलं होतं. पंधरा दिवस डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही. आई गेली तेव्हाही बाबा रडले नव्हते, म्हणून मी निर्धास्त होते. या दोघांसाठी मात्र पट्टीखाली आठ दिवस रडले. जखम उसवली. आता उजव्या डोळ्यानं नुसतं धुकं दिसतं, आणि तसंच राहणार म्हणतात." मग त्यांनी ते कार्ड त्याच्या हातात दिले. "बाबा तुला सांगणार नाहीत. मीही सांगितलं नाही असं समज."

चहा उकळून वर आला तरी बळीराम उभाच होता. दिवाणखान्यातून साहेबांची हाक आली, "बळीराम, माझ्या उजवीकडं बसलाय तो भीम की कीचक रे?"

"भीम, साह्येब," तो दारातून डोकावून म्हणाला.

त्याने हातातले कार्ड उलटसुलट करून पाहिले. वर काशिरामच्या चार ओळी होत्या. त्यांतले एक अक्षरही बळीरामला वाचता येत नव्हते. पण त्यांच्या खाली चांगली चार बोटे कोरी जागा उरली होती, ती त्याला स्पष्ट दिसत होती.