आमचे समुपदेशक, नगरपालिकेचा भोंगा

आमच्या नगरपालिकेने रागीट नागरिकांसाठी समुपदेशक म्हणून आपल्या भोंग्याची नेमणूक केली आणि पहिला रुग्ण म्हणून माझा नंबर लागला. नेमणूक नियमानुसारच होती. भोंग्याने मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलं आहे आणि मुलाखतीला दुसरं कोणी आलं नव्हतं. हे मी स्वतः तपासलं आहे. उभी हयात बातमीदारीत घालवलेल्या माणसाला कोणी शिकवू नये.

मला समुपदेशनाची गरज नव्हती. गरज माझ्या बायकोला होती, असं माझं मत होतं. कुमुद बहिणीकडे कराडला निघून गेली होती, कारण मी घरातही पत्रकार परिषदेत बोलल्यासारखा बोलायचो. "आमटीत मीठ कमी असल्याचा आरोप आहे, यावर तुमचं म्हणणं काय?" असं मी तिला विचारायचो, तेही शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. एके दिवशी ती म्हणाली, "यावर मला काही बोलायचं नाही," आणि तिने बॅग भरली. आता शनिवारी रात्रीच्या एसटीने येऊन ती शिलाई मशीनही नेणार होती. मशीन गेलं की ती परत येणार नाही, एवढं मला कळत होतं.

भोंगा पालिकेच्या गच्चीवर असतो. मी शिडी चढून जायचो. बोलतो मात्र तो फार हळू.

"कशाने चिडता, जगदाळे?"

"सगळ्याने! गटारं, टेंडरं, मुख्याधिकारी, आमटी!"

"दिवसभर?"

"मग काय अर्धवेळ चिडू?"

"मी दिवसातून एकदाच ओरडतो. रात्री साडेआठला, एक मिनिट. गावातले टीव्ही बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. तुम्ही दिवसभर ओरडता. काय बंद होतं?"

मी मंत्र्यांना भर सभेत अडवलेला माणूस. मी खिशातून वही काढली आणि त्याचा प्रश्न उतरवून घेतला.

रोज एकच मिनिट ओरडायचं, असं त्याने ठरवून दिलं. मग ते मिनिट कशावर खर्च करायचं, या विचारातच माझा दिवस जाऊ लागला. आमटीचा नंबर कधी लागलाच नाही. सरकारी दवाखान्यातल्या कोरड्या नळाचा लागला, आणि नळाला पाणी आलं. मी आजवर एकाही मंत्र्याला सर म्हटलेलं नाही. भोंग्याला म्हणू लागलो.

शनिवारी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. स्टँडवर जाऊन कुमुदची बॅग हातात घ्यायची आणि एक शब्दही मोठ्याने बोलायचा नाही, असं ठरवलं होतं. जाता जाता सरांना सांगायला गच्चीवर गेलो.

"जगदाळे," सर नेहमीपेक्षाही हळू म्हणाले, "माझी मोटर जाम झालीय. साडेआठला पोरं वाट बघतील."

"सर, ती आत्ताच उतरत असेल. माझा आवाज ऐकला की मशीन गेलं."

"खरं आहे. मी आग्रह करणार नाही."

त्यांनी आग्रह केला असता तर मी भांडलो असतो. केला नाही, म्हणून पंचाईत झाली.

मी कठड्याशी उभा राहिलो आणि घड्याळाकडे बघत एक मिनिट ओरडलो. त्यात शब्द नव्हते. कुणाचा निषेध नव्हता. समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला, मग शेजारचा, मग अख्खी आळी गप्प झाली. इतक्या वर्षांत माझं कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

स्टँडवर धापा टाकत पोचलो. कुमुद बाकावर बसून मनगटावरच्या घड्याळाची किल्ली फिरवत होती.

"अहो, तुम्हीच होता ना?"

"हो," मी अगदी हळू म्हणालो.

"वाटलंच. माझं घड्याळ जरा मागे पडलं होतं, तुमच्या आवाजावर लावलं." तिने बॅग माझ्या हातात दिली. "चला, आमटी कुणी केलीय आज?"

सरांची मोटर आता दुरुस्त झाली आहे. भोंगा समुपदेशक कसा, असं विचारणाऱ्यांनी खुशाल विचारावं. त्यांच्यावर मी माझं मिनिट घालवणार नाही. पालिकेने सरांना सोमवारची साप्ताहिक सुट्टी मंजूर केली आहे. सोमवारी मी वाजतो. घरी कुमुद टीव्ही बंद करते आणि शिवायला बसते.